मदत हवी आहे: पॉइंट आता अंतरावर नाही, भाड्यावर मिळतात. एकाच विमान कंपनीला धरून राहावं का?

नमस्कार मंडळी,

विमान प्रवासाच्या पॉइंटांबद्दल जाणकारांचा सल्ला हवा आहे. प्रश्न थोडा लांब आहे, पण पार्श्वभूमी सांगितली नाही तर नेमकं उत्तर देणं कठीण जाईल.

मी पुण्यात राहते. चाकणला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात क्वालिटीला आहे. कामासाठी दिल्ली-गुरुग्रामला नेहमीच जावं लागतं, अधूनमधून जर्मनीलाही. दिल्लीचं विमान लोहगावहून. जर्मनीसाठी मात्र रात्री कॅब करून एक्सप्रेसवेने मुंबई गाठायची. तिकिटं ऑफिसचं ट्रॅव्हल डेस्क काढतं आणि साहजिकच सगळ्यात स्वस्त इकॉनॉमीची काढतं. पॉइंट माझ्या खात्यात येतात, ऑफिसची त्याला हरकत नाही.

हे पॉइंट मी फक्त एका कारणासाठी साठवतेय. धाकटी बहीण न्यू जर्सीत असते. आई-बाबांना तिच्याकडे न्यायचं आहे. बाबांच्या दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन झालंय, आईची पाठ दुखते. मुंबई-न्यूअर्क म्हणजे पंधरा-सोळा तासांची बैठक. इतका वेळ त्यांना इकॉनॉमीच्या खुर्चीत बसवणं माझ्या जिवावर येतं. निदान जाताना तरी त्यांना आडवं होता यावं, एवढीच माझी इच्छा आहे. दोघांचं बिझनेस क्लासचं तिकीट पैसे भरून काढणं आमच्या आवाक्यातलं नाही, म्हणून सगळी भिस्त पॉइंटांवर.

आणि नेमकं तिथेच गणित बदललंय. १९८१ मध्ये अमेरिकन एअरलाइन्सने अ‍ॅडव्हांटेज ही आपली योजना सुरू केली तेव्हापासून हिशोब सोपा होता: जितकं अंतर उडाल तितके मैल, म्हणजेच पॉइंट. मग डेल्टाने जानेवारी २०१५ पासून, युनायटेडने त्याच वर्षी मार्चपासून आणि अमेरिकनने ऑगस्ट २०१६ पासून मैल तिकिटाच्या किमतीवर द्यायला सुरुवात केली. तेव्हा मला वाटलं, हे अमेरिकेपुरतं असेल. पण लुफ्तान्साच्या माइल्स अँड मोअरने २०१८ मध्ये तोच रस्ता धरला. एअर इंडियानेही एप्रिल २०२४ मध्ये फ्लाइंग रिटर्न्स ही आपली योजना बदलून भाड्यावर पॉइंट द्यायला सुरुवात केली. त्याच वर्षी १२ नोव्हेंबरला विस्तारा एअर इंडियात विलीन झाली, क्लब विस्ताराचे पॉइंट एकास एक या दराने तिकडे गेले आणि योजनेचं नाव झालं महाराजा क्लब. माझे विस्ताराच्या काळातले पॉइंटही आता तिथेच आहेत.

याचा अर्थ प्रत्यक्षात काय होतो ते परवा पाहिलं. मी आणि एक सहकारी सकाळच्या पुणे-दिल्ली विमानात शेजारी-शेजारी होतो. माझं तिकीट बरंच आधी काढलेलं. ग्राहकाकडून अचानक तक्रार आल्यामुळे त्याचं आदल्या संध्याकाळी काढलेलं. नंतर दोघांनी मोबाइलवर आपापली नोंद उघडली, तर त्याला माझ्या तिपटीहून जास्त पॉइंट. विमान तेच, रांग तीच. शिवाय तिकिटावरच्या पूर्ण रकमेवर पॉइंट मिळत नाहीत. विमानतळाचं शुल्क, जीएसटी वगैरे वजा जाऊन जे मूळ भाडं उरतं, तेवढंच मोजतात. स्वस्त तिकिटात ते किती उरतं, तुम्हीच बघा.

कंपन्यांची बाजू मला कळते. रिकामी राहणारी सीट कमी पैशांत विकायची आणि वर पूर्ण अंतराचे मैल द्यायचे, हे त्यांना परवडत नसेल. पण जो माणूस वर्षानुवर्षं लांबचा प्रवास मागच्या रांगांत बसून करतो, त्याच्या निष्ठेला काहीच किंमत उरली नाही याचं मला मनापासून वाईट वाटतं.

तर मला विचारायचंय असं: स्वस्त इकॉनॉमीने फिरणाऱ्या माझ्यासारखीने एकाच योजनेत पॉइंट गोळा करत राहण्यात अर्थ आहे का? जर्मनीच्या प्रवासाचे पॉइंट स्टार अलायन्स या विमान कंपन्यांच्या गटातल्या दुसऱ्या एखाद्या कंपनीच्या खात्यात टाकले तर जास्त पडतील का? आणि जे साठलेत ते आई-बाबांच्या अपग्रेडसाठी वापरू की थेट पॉइंटांवर तिकीट काढू? शिवाय मागच्या जर्मनी प्रवासातल्या एका टप्प्याचे पॉइंट अजून जमाच झालेले नाहीत. तो टप्पा भागीदार कंपनीच्या विमानाचा होता. दोन्ही कंपन्या एकमेकींकडे बोट दाखवतात. त्याचं काय करावं?

– कर्वेनगरची लेक

औंधकर:

ताई, तुमच्या दुसऱ्या प्रश्नातच पहिल्याचं उत्तर आहे. भाड्यावर पॉइंट हा नियम बहुतेक ठिकाणी कंपनीच्या स्वतःच्या तिकिटाला लागू असतो. तुम्ही त्याच विमानात बसून भागीदार कंपनीच्या योजनेचा सदस्य क्रमांक दिलात, तर तिथे अजूनही बऱ्याचदा अंतर आणि बुकिंगचा वर्ग यांवर मैल मोजतात.

तिकिटाचा ईमेल उघडा. त्यात तेरा आकडी तिकीट क्रमांक असतो. पहिले तीन आकडे सांगतात की तिकीट कोणत्या विमान कंपनीच्या नावाने निघालं: ०९८ म्हणजे एअर इंडिया, २२० लुफ्तान्सा, ०१६ युनायटेड, ६१८ सिंगापूर एअरलाइन्स. विमान कोणाचं याइतकेच हे आकडेही महत्त्वाचे. उदाहरणार्थ, ०१६ ने सुरू होणारं तिकीट युनायटेडच्या माइलेजप्लसमध्ये जमा केलं तर मैल भाड्यावर; समजा डॉलरमागे ५ मैल. समजा दिल्ली-न्यूअर्क जाऊन-येऊन मूळ भाडं ८०० डॉलर, तर मिळाले ४,००० मैल. अंतराच्या जुन्या हिशोबाने हाच प्रवास साडेचौदा हजार मैलांच्या आसपास जातो. आता लुफ्तान्साचं २२० वालं तिकीट घ्या. ते माइल्स अँड मोअरमध्ये टाकलं तर भाड्यावर, पण सिंगापूरच्या क्रिसफ्लायरमध्ये टाकलं तर अंतराच्या ठरावीक टक्क्यांवर. मुंबई-फ्रँकफर्ट एका बाजूचं अंतर साधारण ४,१०० मैल आहे.

पण ‘ठरावीक टक्के’ नीट वाचा. ईमेलमध्ये वर्गाचं एक अक्षर असतं. इकॉनॉमीतही डझनभर वर्ग असतात, आणि अगदी तळाच्या वर्गांना भागीदार कंपन्या अंतराच्या जेमतेम पाव हिस्सा मैल देतात, कधी शून्यही. ट्रॅव्हल डेस्क सगळ्यात स्वस्त काढत असेल, तर तुमचं अक्षर तिथेच असणार. म्हणून प्रवासाआधी दोन-तीन योजनांच्या संकेतस्थळांवर त्या अक्षरासमोर काय लिहिलंय ते बघा आणि चेक-इनच्या आधी सदस्य क्रमांक बदलून घ्या. एकदा एका खात्यात जमा झालं की दुसरीकडे हलवता येत नाही.

मुदतही बघा. क्रिसफ्लायरचे मैल ३६ महिन्यांत संपतात. माइलेजप्लसच्या मैलांना २०१९ पासून मुदतच नाही. तुमचा जर्मनीचा प्रवास अधूनमधून असेल तर हा फरक मोठा आहे.

सिंहगड_रोड:

माझं मत थोडं वेगळं आहे. गोल्ड, प्लॅटिनम अशा सदस्यत्वाच्या वरच्या दर्जांचा विचार डोक्यातून काढून टाका. ब्रिटिश एअरवेजने १ एप्रिल २०२५ पासून दर्जाचे टियर पॉइंटसुद्धा खर्चावर केले, साधारण पौंडाला एक पॉइंट, आणि गोल्डला २०,००० पॉइंट. स्वतःच्या खिशातून इकॉनॉमीचं तिकीट काढणारा तिथे कधी पोचायचा? डेल्टाने २०२३ मध्ये दर्जाचे नियम इतके कडक केले की प्रवाशांनी ओरड केली आणि कंपनीला थोडी माघार घ्यावी लागली. पण थोडीच.

दिल्लीच्या फेऱ्यांना तर वेळ सोयीची असेल ते विमान धरा. इंडिगोनेही २०२४ मध्ये ब्लूचिप नावाची योजना आणली आहे. तिचं सदस्यत्व घेऊन ठेवा, पण सकाळच्या मीटिंगसाठी पॉइंटांच्या मागे लागून दुपारचं विमान घेऊ नका.

कर्वेनगरची लेक:

औंधकर, तिकीट क्रमांकाचं मला अजिबात माहीत नव्हतं, खूप आभार. आत्ताच जुने ईमेल काढून पाहिले. जर्मनीची तिकिटं बहुतेक २२० वाली आहेत. न जमा झालेला टप्पाही त्यातच येतो.

सिंहगड_रोड, दर्जाची हाव मला खरंच नाही. लाउंज नसला तरी चालेल. मला आई-बाबांसाठी ती दोन तिकिटं हवी आहेत. त्याबद्दल कोणी सांगेल का?

परदेशी_पाहुणा:

मी माझ्या सासू-सासऱ्यांना असंच नेलंय, त्यामुळे हे जरा सविस्तर लिहितो.

अपग्रेड आणि पॉइंटांवरचं तिकीट यांत मोठा फरक आहे. अपग्रेडसाठी आधी पैसे भरून तिकीट काढावं लागतं आणि सगळ्यात स्वस्त वर्गाच्या तिकिटाला ते बरेचदा लागूच होत नाही. म्हणजे अपग्रेडच्या आशेने तुम्ही आधी महाग इकॉनॉमी घेणार, आणि शेवटच्या क्षणी बिझनेसमध्ये जागा नसली तर ते जास्तीचे पैसे गेले. दोघांना एकत्र मिळेल याची खात्री तर मुळीच नाही. वयस्कर माणसं, एक पुढे आणि एक मागे, हे चालणार नाही. पॉइंटांवरच्या तिकिटात जागा पहिल्याच दिवशी पक्की होते.

त्या जागा साधारण अकरा महिने आधी खुल्या होतात आणि लांबच्या विमानांत फार थोड्या असतात. मे-जूनची सुट्टी, दिवाळी, नाताळ सोडून तारीख धरा. तुमच्या बहिणीला विचारा, फेब्रुवारी किंवा सप्टेंबर चालेल का. एका बाजूचंच पॉइंटांवर काढायचं असेल तर आधी एक चौकशी करा: परतीचं एकेरी तिकीट पैशाने केवढ्याला पडतं? बऱ्याच जुन्या कंपन्यांत एकेरी तिकीट जाऊन-येऊनच्या तिकिटाच्या जवळपास जातं आणि सगळी बचत तिथेच संपते. अशा वेळी जाऊन-येऊनचं अपग्रेड होणाऱ्या वर्गातलं तिकीट काढून फक्त जाताना पॉइंट लावणं परवडू शकतं. दोन्ही हिशोब कागदावर मांडा.

पॉइंटांवरचं तिकीट फुकट नसतं. कर आणि काही कंपन्यांत इंधन अधिभार रोख भरावा लागतो. एखाद्या विमानतळावरून जाताना तो आकडा चांगलाच फुगतो, म्हणून नुसते पॉइंट बघून ठरवू नका.

तुमच्या खात्यातून आई-बाबांचं तिकीट निघतं, पण काही ठिकाणी आधी नाव नोंदवावं लागतं. क्रिसफ्लायरमध्ये पाच जणांपर्यंत नावं देता येतात. बँकेच्या क्रेडिट कार्डाचे पॉइंट असतील तर ते आधीच विमान कंपनीकडे वळवू नका. आधी सीट दिसू द्या, मग वळवा. ते परत येत नाहीत.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, साठवून ठेवू नका. डेल्टाने २०१५ मध्ये किती मैलांत कुठलं तिकीट हा तक्ताच काढून टाकला, युनायटेडनेही २०१९ मध्ये स्वतःच्या विमानांसाठी तेच केलं. आता मागणीप्रमाणे किंमत ठरते. आज जेवढ्या पॉइंटांत तिकीट मिळतंय तेवढ्यात पुढच्या वर्षी मिळेलच असं धरून चालू नका. बाबांचे गुडघेही थांबणार नाहीत. दोघांसाठी पुरेसे पॉइंट एका खात्यात असतील तर याच वर्षी काढा.

व्हीलचेअरची नोंद तिकीट काढतानाच करा, चढताना आणि उतरताना दोन्हीकडे. न्यूअर्कला इमिग्रेशनच्या रांगेत उभं राहणं ही गुडघ्यांची खरी परीक्षा असते.

औंधकर:

एक भर. अंतराचा हिशोब पूर्ण मेलेला नाही. अलास्का एअरलाइन्सच्या अ‍ॅटमॉस रिवॉर्ड्समध्ये २०२६ पासून सदस्याला अंतर, भाडं किंवा टप्पे यांपैकी कशावर पॉइंट हवेत ते निवडता येतं. ती वनवर्ल्ड या वेगळ्या गटातली आहे, म्हणजे मुंबईहून कतार किंवा ब्रिटिश एअरवेजने जाणाऱ्यांच्या उपयोगाची. तुमच्या लुफ्तान्सा तिकिटांना ती चालणार नाही. पण ट्रॅव्हल डेस्क कधी दोहामार्गे तिकीट काढेल तेव्हा लक्षात ठेवा.

कर्वेनगरची लेक:

परदेशी_पाहुणा, तुम्ही फार जिव्हाळ्याने लिहिलंत. अपग्रेडचा विचार सोडला. बहिणीशी बोलले, सप्टेंबर तिला चालेल, उलट तेव्हा भाचीची शाळाही सुरू झालेली असेल आणि दुपारी घर शांत असेल. महाराजा क्लबमध्ये एका माणसाच्या बिझनेसपुरते पॉइंट दिसतायत, दुसऱ्यासाठी कमी पडतात. उरलेले कार्डाच्या पॉइंटांतून भरता येतील का ते सीट दिसल्यावरच बघेन, आधी वळवणार नाही. पुढची जर्मनीची तिकिटं मात्र वर्गाचं अक्षर बघून दुसरीकडे जमा करणार.

फक्त त्या राहिलेल्या टप्प्याचं कोणी सांगा.

टर्मिनल_दोन:

ज्या योजनेत पॉइंट हवेत तिच्याकडेच मागायचे, विमान चालवणाऱ्या कंपनीकडे नाही. संकेतस्थळावर राहिलेल्या पॉइंटांची मागणी करायचा अर्ज असतो. त्यात तेरा आकडी तिकीट क्रमांक टाका, बोर्डिंग पासचा फोटो जोडा. पासवरचं नाव आणि खात्यातलं नाव अक्षरशः एकच हवं. लग्नाआधीचं आडनाव एकीकडे आणि नंतरचं दुसरीकडे असेल तर अर्ज तिथेच अडकतो, त्यामुळे आधी ते तपासा. बोर्डिंग पास मोबाइलवर असेल आणि आता दिसत नसेल तर विमान कंपनीकडून प्रवास केल्याचा दाखला मागवा, ईमेलवर देतात. आणि मुदत निघून जायच्या आत करा. प्रत्येक योजनेची वेगळी असते, नियमांच्या पानावर लिहिलेली असते.