‘दोन इंच लांब मागवा, बाकी शिंपी बघेल’ म्हणणाऱ्यांना

निळीशाई: भारी जीन्स ऑनलाइन घेताना लांबीचा विचार करू नका, सरळ दोन इंच जास्त मागवा, असा सल्ला काल इथे एकाने दिला. राहवलं नाही. सॅन्फोराइज्ड, म्हणजे कारखान्यातच आधी आटवून घेतलेलं कापड धुतल्यावर १ ते ३ टक्के आटतं, तसं नसेल तर १० टक्क्यांपर्यंत. म्हणजे ३४ इंची पायाचे जवळपास साडेतीन इंच गेले! मागावर उभे धागे ताणलेले असतात, पाणी लागलं की सैल पडतात, म्हणून लांबीतच जास्त आटतं. मी लेबलवर विश्वास ठेवून फसलोय, ३२ लिहिलेली जीन्स टेपवर साडेतीस भरली. आपली अंगाला नीट बसणारी जीन्स जमिनीवर पसरा, जांघेच्या शिवणीपासून खालच्या काठापर्यंत मोजा आणि विक्रेत्याच्या तक्त्याशी ताडून बघा.

सहाफूटतीन: तुम्हाला ३२ पुरते म्हणून हे सुचतं. मला ३६ लागते आणि बहुतेक ठिकाणी पर्याय ३४ लाच संपतात. आम्ही काय ताडून बघायचं?

सुईदोरा: लांब आली तर आखूड करा, पण चेनस्टिचनेच, म्हणजे साखळीसारख्या टाक्याने. युनियन स्पेशल ४३२०० जी या मशीनवर दुमडलेल्या काठाला धुतल्यावर दोरीसारखा पीळ पडतो. साध्या शिलाईवर तो तसा येत नाही. एवढे पैसे मोजून काठ सपाट ठेवायचा असेल तर कुठलीही जीन्स घ्या.

उभाधागा: पिळाचं कौतुक पुरे. माझ्या जीन्सचा चेनस्टिचचा एक धागा बुटाच्या हुकात अडकला आणि जिना उतरेपर्यंत अख्खा काठ उसवला. साधी शिलाई अशी सरसर सुटत नाही.

सुईदोरा: शेवटची गाठ नीट मारली नसेल तर दोष शिंप्याचा. शिलाईला कशाला बोल लावता?

उभाधागा: गाठ होती! मी स्वतः बघितली होती. न बघता दुसऱ्याला खोटं पाडू नका.

कमीउंची: तुम्ही काठावर भांडा. मी पाच फूट एक आहे, निमुळत्या जीन्सचे पाच इंच कापून घेतले. खालचा निमुळता भागच गेला, बॉटम रुंद झाला आणि गुडघ्याचा फेड (रंग उतरवलेला भाग) माझ्या नडगीवर आला. कापल्यावर परत कोण घेणार? ‘बाकी शिंपी बघेल’ या एका वाक्यापायी ती जीन्स कपाटात पडून आहे.

दोनइंच: तो सल्ला माझाच. माझ्या चारही जीन्स सॅन्फोराइज्ड आहेत, त्यांना तो बरोबर लागू पडला. न आटवलेल्या कापडाचं मी लिहायला हवं होतं, एवढं मान्य. निमुळत्या पायाचंही मान्य. पण सगळा सल्लाच चुकीचा, हे मान्य नाही.

निळीशाई: मग तिथेच एक ओळ वाढवा: कापायच्या आधी भिजवून, वाळवून, पुन्हा मोजा. नवखे लोक तीच पोस्ट वाचून ऑर्डर देतात.

सुईदोरा: आणि चेनस्टिच.