विषय: शनिवारच्या वर्गात फोन-टॅब नकोत

प्रेषक: वर्गाच्या बाई, बडोदा

नमस्कार मंडळी,

येत्या शनिवारपासून मराठीच्या वर्गात येताना मुलांचे फोन आणि टॅब दाराजवळच्या टेबलावर ठेवावेत, अशी विनंती आहे.

मागच्या शनिवारी ‘जग’ हा शब्द घेतला होता. ‘जग मोठं आहे’ यातला ज वेगळा, ‘सुखाने जग’ यातला वेगळा. अक्षर एकच, पण दुसऱ्या ज ला जीभ दातांपाशी जाते. आपल्या मुलांची शाळा, शेजार, क्रिकेट सगळं गुजरातीत, आणि गुजरातीत हा ज नाही. तो माझ्या तोंडाकडे बघूनच उचलावा लागतो. मी तीनदा म्हणून दाखवला. अकरापैकी चौघांनी वर पाहिलं. बाकीची टॅबवर ‘जग’ गिरवत होती, अगदी सुरेख अक्षरात.

टॅब अभ्यासाचाच आहे, असं दोन पालकांनी मला सांगितलं. असेल. पण शेजारी बसलेल्याचं काय? कॅनडातल्या संशोधकांनी २०१३ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. व्याख्यान चालू असताना काही जण लॅपटॉपवर मधूनच भलतीच कामं करत होते. त्यांचा पडदा नजरेत येईल असे बसलेले विद्यार्थी स्वतः कागदावर टिपणं घेत होते, तरी परीक्षेत त्यांना असा पडदा समोर नसलेल्यांपेक्षा १७ टक्के कमी गुण पडले. ते कॉलेजचे विद्यार्थी होते. आपली तर आठ-नऊ वर्षांची आहेत. ज्या मुलाच्या हातात काहीच नाही, त्याची मला जास्त काळजी वाटते.

---

प्रेषक: एक पालक, टोरांटो

बाई, नमस्कार.

तुमचं म्हणणं पटतं. इथे ऑन्टारिओच्या शाळांतही सप्टेंबर २०२४पासून सहावीपर्यंतच्या मुलांचे फोन दिवसभर आवाज बंद करून नजरेआड ठेवायचा नियम आहे. शिक्षकांनी परवानगी दिली तरच ते अभ्यासासाठी काढता येतात. ती परवानगी मागायलाच लिहितोय.

माझी आई वर्गात जो टॅब आणते, त्यात माझी मुलगी असते. तुमचे संध्याकाळचे पाच म्हणजे आमचे सकाळचे साडेसात. शनिवार असूनही ती आपली आपण उठते. टॅब टेबलावर गेला तर ती दारातच राहील.

आणखी एक सांगतो, राग मानू नका. आई टॅब बाकावर आडवा ठेवते, त्यामुळे लेकीला तासभर छताचा पंखा दिसतो. मुलांचे आवाज येतात, चेहरे दिसत नाहीत. मी बडोद्यातच, रावपुऱ्यात वाढलो. ‘चिमणी’तला च आणि ‘चूल’मधला च मला कुणी शिकवला नाही, चार घरांतून कानावर पडत गेला. तिला इथे घरात मी एकटाच आहे मराठी बोलणारा, आणि कामावरून येईपर्यंत तिची झोपायची वेळ होते.

---

प्रेषक: रावपुऱ्याचे आजोबा

माझ्याकडे पोथी ठेवायचं घडीचं लाकडी स्टँड आहे. टॅब त्यावर उभा राहतो, घरी ठेवून पाहिला. शनिवारी घेऊन येतो.

---

प्रेषक: वर्गाच्या बाई, बडोदा

दादा, पंख्याचं वाचून फार वाईट वाटलं. हे माझ्या लक्षात यायला हवं होतं. राग कसला मानायचा!

तर असं करू. बाकीचे फोन-टॅब टेबलावर. तुमच्या लेकीची मात्र खुर्ची गोलात, आजोबांच्या स्टँडवर, मुलांच्या डोळ्यांच्या उंचीला. दर शनिवारी तिच्या शेजारी वेगळं मूल बसेल आणि पहिली पंधरा मिनिटं जोडीजोडीने नुसत्या गप्पा होतील. वही नाही, फळा नाही. अमेरिकेत २०१४ साली सहावीतल्या ५१ मुलांना पाच दिवस पडद्याविना निसर्गशिबिरात ठेवलं, तर चेहऱ्यावरचे भाव ओळखणं त्यांना आधीपेक्षा चांगलं जमू लागलं. घरी राहिलेल्या मुलांपेक्षा त्यांची प्रगती जास्त होती. मला वाटतं, पडदा गेला याइतकंच पाच दिवस एकमेकांच्या सोबत होती, यानेही ते झालं असणार. आपल्याकडे तास एकच आहे, म्हणून गप्पा आधी.

आईंना पावणेपाचला यायला सांगा. स्टँड कुठे ठेवल्यावर माझं तोंड नीट दिसतं, ते तुमच्या लेकीलाच विचारून ठरवू. मग पाच वाजता पुन्हा ‘जग’ घेणार आहे.