उभ्या कपाशीत नांगर: १९३३ चा रूझवेल्ट सरकारचा निर्णय पटतो का?

रानवाटा

१९३३ मध्ये अमेरिकेत चार कामगारांमागे एक बेकार होता, शहरांत फुकटच्या सूप-पावासाठी रांगा लागत होत्या. त्याच उन्हाळ्यात सरकारने शेतकऱ्यांना पैसे देऊन सुमारे १ कोटी एकरांतली उभी कपाशी नांगरायला लावली आणि डुकरांची साठ लाख पिल्लं विकत घेऊन मारली. मे महिन्यात मंजूर झालेला शेती समायोजन कायदा, कृषिमंत्री हेन्री वॉलेस. माल कमी केला की भाव चढेल, असा हिशोब.

मला हा हिशोबच मान्य नाही. माल जास्त झाला नव्हता, लोकांच्या हातात पैसा उरला नव्हता. तो खाणाऱ्याच्या हातात दिला असता तर त्याने माल उचलला असता आणि भावही सुधारला असता. पिल्लं तर इतकी लहान की कत्तलखान्यांतली यंत्रं त्यांना चालेनात. बहुतेकांची चरबी काढली आणि खत केलं. भुकेल्या देशात अन्नाचं खत करणं हा गुन्हा आहे.

खुरपं

रानवाटा, तुम्ही गोष्ट मधूनच सुरू केलीत. १९२९ मध्ये कापसाला पौंडाला १७ सेंटांच्या आसपास मिळत होते, १९३२ मध्ये साडेसहा. आयोवात मका इतका मातीमोल झाला की लोक कोळशाऐवजी तोच जाळत होते. कर्जाचे हप्ते मात्र जुन्याच आकड्यांचे. नासाडी आधीच चालू होती, फक्त तिचा खर्च एकटा शेतकरी सोसत होता.

आणि दुसरा मार्ग करून झाला होता. रूझवेल्ट यांच्या आधीच्या हूवर सरकारच्या फार्म बोर्डाने, म्हणजे शेतमालाचे भाव सावरण्यासाठीच्या सरकारी मंडळाने, ५० कोटी डॉलरच्या निधीतून माल खरेदी केला. पेऱ्यावर बंधन नव्हतं, म्हणून कोठारं भरली, पैसा संपला, भाव पडतच राहिला. वॉलेस यांचा कायदा आला तोवर कपाशी पेरून झाली होती. उगवलेलं मोडण्याखेरीज त्या वर्षी काय करता आलं असतं? उभं पीक नष्ट करावं लागणं सुसंस्कृत समाजाला लाज आणणारं आहे, असं तेही म्हणाले होते. पुढच्या वर्षापासून करार झाले ते कमी पेरण्याचे.

मी कांदा करतो. काढणीची मजुरीसुद्धा निघत नव्हती तेव्हा उभ्या कांद्यात रोटाव्हेटर फिरवलाय. एक रुपया कोणी दिला नाही. अमेरिकेतल्या शेतकऱ्याला निदान एकराचे पैसे मिळाले.

रानवाटा

तुमच्या कांद्याचं वाचून वाईट वाटलं. पण भाव वाढल्याचं श्रेय नांगराला देऊ नका. कापूस १० सेंटांवर गेला खरा. त्याच वर्षी डॉलरची सोन्याशी असलेली गाठ सोडली होती, त्याने डॉलर स्वस्त होऊन भाव तसेही चढत होते, आणि ऑक्टोबरपासून सरकार कापूस तारण ठेवून पौंडाला १० सेंट कर्ज देत होतं. पीक किती आलं? १ कोटी ३० लाख गाठी. आदल्या वर्षाइतकंच!

खुरपं

हो, कारण हंगाम चांगला होता. नांगर फिरला नसता तर आणखी ४० लाखांच्या आसपास गाठी आल्या असत्या, आणि न विकलेला जुना साठाच जवळपास एका पिकाएवढा पडून होता. एवढ्या ढिगावर सरकारने १० सेंटांचं तारण दिलं असतं का? फार्म बोर्डासारखंच बुडालं असतं.

पऱ्हाटी

दोघंही 'शेतकरी' म्हणताय तो जमीनमालक आहे. दक्षिणेत कपाशी करणारे लाखो लोक वाट्याने कसत होते, काळेही आणि गोरेही. करार मालकाशी आणि चेकही त्याच्याच नावे. १९३४-३५ च्या करारात पौंडामागे साडेचार सेंट ठरले, त्यातला साध्या वाटेकऱ्याचा हक्क अर्ध्या सेंटाचा. पेरा कमी झाला तशी माणसंही नकोशी झाली आणि कुटुंबंच्या कुटुंबं खोपट्यांतून बाहेर काढली गेली. जुलै १९३४ मध्ये आर्कान्सातल्या टायरोन्झा इथे काळ्या-गोऱ्या वाटेकऱ्यांनी मिळून संघटना उभी केली ती यासाठीच. मालकांनी त्याच कुळांना ठेवलं पाहिजे, असा कराराचा अर्थ लावणाऱ्या जेरोम फ्रँक (ही योजना राबवणाऱ्या खात्याचे मुख्य वकील) आणि त्यांच्या सहकाऱ्यांना फेब्रुवारी १९३५ मध्ये खात्यातून काढलं. नांगराने भाव चढला की तारणाने, हा वाद त्या बेघर झालेल्या माणसाच्या काय कामाचा? खुरपं, आपल्याकडेही मदत सातबारावरच्या नावाला मिळते. बटईने करणाऱ्याचं काय?

खुरपं

पऱ्हाटी, वाटेकऱ्यांवर अन्याय झाला, यात दुमत नाही. पण १९३२ मध्ये साडेसहा सेंटांत त्यांचं काय भलं होत होतं? मालक बुडाला की जमीन बँकेकडे जायची आणि वाटेकरी तेव्हाही रस्त्यावरच. मी करार मोडा म्हणणार नाही. कसणाऱ्याचा वाटा थेट त्याच्या नावे द्या म्हणेन.

पऱ्हाटी

थेट द्या म्हणणं सोपं आहे. ते करू पाहणाऱ्यांचीच नोकरी गेली, कारण बड्या मळेवाल्यांचे खासदार अमेरिकी संसदेच्या समित्यांवर बसले होते आणि रूझवेल्ट यांना त्यांची मतं हवी होती. न पेरण्याचे पैसे जमिनीच्या मालकीवर वाटायचे ठरले, तिथेच कसणाऱ्याला बाहेर काढणं फायद्याचं झालं.

रानवाटा

पऱ्हाटी, हे पटलं. खुरपं, पिल्लांचं मात्र अजून उत्तर नाही. ओरड झाल्यावर ऑक्टोबर १९३३ मध्ये सरकारने जादा माल गरिबांना वाटण्यासाठी वेगळं महामंडळ काढलं आणि मांस वाटलंही. ऑक्टोबरमध्ये जमलं ते ऑगस्टमध्ये का जमलं नाही?