मेलिसानीचं तळं (केफलोनिया, ग्रीस): कोणत्या महिन्यात, किती वाजता?

पांदणवाट
केफलोनिया बेटावरच्या मेलिसानी गुहेतलं तळं पाहायला आईबाबांना घेऊन जायचा विचार करून राहिलो. दोघंही साठीच्या वर, बाबांचे गुडघे दुखतात. गाव घाटंजी तालुक्यात, उत्पन्न फक्त कापूस-तुरीचं. काही फोटोंत पाणी निळंशार दिसते, काहींत नुसतं काळं डबकं. हा फरक कशाचा? गुहेत उतरावं किती लागते? आणि शेतीच्या कागदांवर शेंगेन व्हिसा (ग्रीससकट युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून एकच चालतो तो) होते का?

उनसावली
फरक उन्हाचाच. गुहेचं छत मधोमध कोसळलेलं आहे, आपल्या विहिरीचं तोंड असते तसं. तिथून ऊन सरळ पाण्यावर पडलं तरच निळा रंग चढतो. भिंतीवर अडलं की पाणी काळपट.

सगळीकडे 'दुपारी बाराला जा' असं लिहिलेलं सापडते, त्याच्या भरवशावर राहू नका. आपल्याकडे सव्वाबाराला सूर्य माथ्यावर येतो. केफलोनिया त्यांच्या टाइम झोनच्या पार पश्चिम टोकाला, शिवाय उन्हाळ्यात घड्याळ एक तास पुढे. म्हणून तिथली माध्यान्ह मे महिन्यात साधारण 1:35 ला. बोट 1 ते 2 च्या मधात मिळेल असं पाहा. रांग लागते, तेव्हा साडेबारालाच तिकीट खिडकीवर हजर राहा.

महिन्याचं गणित वेगळं. अक्षांश 38, त्यामुळे सूर्य बरोब्बर डोक्यावर कधीच येत नाही. 21 जूनला क्षितिजापासून 75 अंश, मेच्या मध्यात 71, सप्टेंबरअखेर जेमतेम 50. ऑक्टोबरात गेलेले निराश होतात ते यामुळे. तुम्हाला तर मे दोन्हीकडून सोयीचा: कापसाची उलंगवाडी झालेली, आणि मिरगाच्या आत घरी.

गुडघ्यांचं: तिकिटानंतर खोदलेला उतरता बोगदा आहे, तो थेट पाण्याच्या काठाशी निघतो. लांब नाही, पण खाली ओलं असते, गुळगुळीत तळाची चप्पल नको. खरी अडचण बोटीत चढताना. बोट हलते, आणि एक पाय खाली टाकताना सगळा भार दुसऱ्या गुडघ्यावर येतो. बाबांना आधी काठावर बसवा, दोन्ही पाय बोटीत सोडू द्या, मग नावाड्याचा हात धरून उठवा. बोट वल्ह्याची, फेरी 10-15 मिनिटांची: आधी उघडा भाग, मग अंधारा, जिथे छतातून चुन्याचे खांब लोंबतात.

मोबाइलवर फोटो घेताना स्क्रीनवर पाण्याच्या उजळ भागावर बोट ठेवून उजेड कमी करा. आपोआप ठेवलं तर कॅमेरा काळ्या भिंती पाहून उजेड वाढवतो आणि पाणी पांढरंफटक येते.

चुनखडी
वरच्याला जोड. पोहायला बंदी आहे, पंचा-टॉवेल नेऊ नका. पाणी मचूळ आहे आणि त्याचं कारण मोठं गमतीचं. बेटाच्या दुसऱ्या अंगाला, आर्गोस्टोली शहराजवळ काताव्होथ्रेस म्हणून जागा आहे. तिथे समुद्राचं पाणी जमिनीतल्या भोकांत शिरते आणि गायब होते. 1963 मध्ये ऑस्ट्रियाच्या भूशास्त्रज्ञांनी त्यात दीड क्विंटलच्या आसपास रंग सोडला. 14 दिवसांनी तो मेलिसानीत आणि काराव्होमिलोसच्या झऱ्यांत उमटला! वाटेत पावसाचं मुरलेलं पाणी मिसळते, म्हणून धड खारट नाही, धड गोड नाही. चुनखडक पाण्याने विरघळतो, म्हणून बेटाच्या पोटात अशा वाटा. आपल्या काळ्या पाषाणात हे घडत नाही. लोणारशी तुलना करणारे भेटतील, पण ते उल्केच्या आघाताचं विवर, त्याचा याच्याशी काही संबंध नाही.

काराव्होमिलोसचं छोटं तळं जवळच आहे, हेच पाणी तिथून समुद्रात जाते, काठावर पाणचक्कीचं चाकही आहे. सपाट जागा, बाबांना बरी. जवळची द्रोगाराती गुहा मात्र त्यांच्यासाठी गाळा, पायऱ्या फार. तुम्ही एकटे उतरलात तर आत बारमाही 18 अंश असते.

सातबारा
शेतीच्या कागदांवर व्हिसा होते. मुक्काम ग्रीसमध्येच जास्त असेल तर अर्ज ग्रीसचाच. प्रवासाच्या 6 महिने आधीपासून 15 दिवस आधीपर्यंत चालतो, पण शेवटच्या आठवड्यांवर ठेवू नका. मोठ्यांना शुल्क 90 युरो, विमा किमान 30,000 युरोचा, आणि पासपोर्ट परतीच्या तारखेनंतर 3 महिने तरी चालणारा.

शेतकऱ्याचा अर्ज अडतो तो बँक स्टेटमेंटवर. पगारदाराचं खातं दर महिन्याला भरते. आपल्या खात्यात दहा महिने दुष्काळ आणि एकदम तीन लाख. तपासणाऱ्याला वाटते, कोणाकडून उसने आणून टाकले. म्हणून प्रत्येक मोठ्या रकमेला बाजार समितीची किंवा जिनिंगची पावती जोडा, तारीख आणि आकडा जुळलाच पाहिजे. कापूस रोखीत विकू नका. मेमध्ये जायचं तर मार्चच्या सुरुवातीला अर्ज करा. तेव्हा मागच्या स्टेटमेंटमध्ये कापूस-तुरीचे पैसे आलेले दिसतात. सातबारा आणि आठ-अ इंग्रजीत भाषांतर करून द्या. शेतीचं उत्पन्न करमुक्त असलं तरी रिटर्न भरून त्यात दाखवता येते, तेही जोडा.

पांदणवाट
मार्चच पकडतो. अथेन्सहून विमान घ्यावं की बोट?

उनसावली
विमान तासाभराचं. स्वस्तात जायचं तर अथेन्सच्या किफिसोस बसस्टँडवरून किलिनी बंदर, तिथून केफलोनियावरच्याच पोरोस बंदराची बोट, दीड तास. पोरोसला उतरून सामीला मुक्काम करा, गुहा तिथून 3 किलोमीटरच्या आत. बेटावरच्या बसफेऱ्या मोजक्या, रविवारी त्याहून कमी. दीडची वेळ साधायची तर टॅक्सी आदल्या संध्याकाळी सांगून ठेवा. सकाळी ढग दिसले तर त्या दिवशी जाऊ नका, म्हणून सामीत दोन रात्री धरा.