प्रॅक्टिकलच्या तासाला वर्गासमोर वजन: गरज की जाच?

रसिका_न्यूट्रिशन
पोषणशास्त्र असो, नर्सिंग असो की एमबीबीएस, उंची-वजन-बीएमआयचं (उंचीच्या मानाने वजनाचा आकडा) प्रॅक्टिकल चुकत नाही. 'पेशंट' म्हणजे शेजारच्या बेंचवरची मैत्रीण. दंडामागची कातडी चिमटीत धरायची, कॅलिपर (चरबीची जाडी मोजायचा चिमटा) लावायचा, मिलिमीटर मोठ्याने सांगायचे आणि आकडा नावासकट फळ्यावर. आमच्या बॅचची एक मुलगी आदल्या रात्रीपासून जेवली नव्हती, सकाळी पाणीसुद्धा टाळलं. वरून मॅडमची शाबासकी, "बघा, हिचा बीएमआय बघा!" मोजायला जरूर शिकवा, पण फळ्यावर नावं कशाला? दिवसभर कॅलरी मोजणाऱ्यांना जेवण चुकवायची शास्त्रीय कारणं तोंडपाठ असतात. आमच्यातली खाण्याच्या विकाराने (ईटिंग डिसऑर्डर) आजारी मुलगी ओळखणं म्हणूनच जास्त अवघड.

डॉ_वऱ्हाडी
नाही पटलं. वॉर्डात पेशंटला चारचौघांत काट्यावर उभं करता, तेव्हा लाज कुठे जाते? एनएफएचएस-५ (राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण) प्रमाणे १५ ते ४९ वयाच्या ५७% बायका अ‍ॅनिमिक आहेत. इथे लोहाची गोळी पोचत नाही आणि आपण 'बॉडी इमेज'वर काथ्याकूट करतोय. पोट भरलेल्यांचे चोचले, दुसरं काय.

रसिका_न्यूट्रिशन
अ‍ॅनिमिया आणि खाण्याचा विकार एकाच मुलीत असू शकतात, डॉक्टर. बुलिमियात (भरमसाट खाऊन मग ते उलटून काढायचा विकार) वजन बहुतेकदा नॉर्मलच दिसतं. सारख्या उलट्या काढून पोटॅशियम घसरतं आणि हृदयाचे ठोके बिघडतात, हे चोचले? आणि पेशंटचं वजन केसपेपरवर जातं, भिंतीवर नाही. वॉर्डातही चारचौघांत घेत असाल तर तेही बंद करा.

हॉस्टेल_ब्लॉक_बी
मुलांचंही लिहा कुणीतरी. आमच्याकडे 'जाड्या' आणि 'काडी' ही नावं पहिल्या वर्षी पडतात ती इंटर्नशिपपर्यंत. मग मेस बंद, डब्यात उकडलेली अंडी आणि प्रोटीन पावडर. त्याला कुणी आजार म्हणत नाही, डेडिकेशन म्हणतात.

सुमन_मॅडम
हे प्रॅक्टिकल मी स्वतः घेते, म्हणून लिहिते. एका तासात अख्खी बॅच उरकायची असते आणि सरासरी काढायला तक्ता लागतोच. शिवाय हाच तक्ता बीएमआयची मर्यादा दाखवतो. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन यडकिन यांनी २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचेच फोटो छापले. दोघांचा बीएमआय २२.३, पण चरबी याज्ञिकांची २१.२% आणि यडकिनांची ९.१%. आकडे समोरासमोर ठेवल्याशिवाय हे डोक्यात शिरत नाही.

रसिका_न्यूट्रिशन
मॅडम, त्या दोघांनी आपले आकडे आपणहून छापले. एकोणीस वर्षांच्या मुलीला कुणी विचारलं होतं? आणि बीएमआय इतका फसवा असेल तर त्यावर शाबासकी कशाला द्यायची?

इंटर्न_नाशिक
फळ्याचं राहू द्या. कॉलेजांनी प्रवेशाच्या वेळीच 'स्कॉफ' हा खाण्याचे विकार ओळखायचा फॉर्म भरून घ्यावा. पाचच प्रश्न आहेत, दोन 'हो' आले की पुढची तपासणी. सुरुवातीलाच पकडलं तर बरं होण्याची शक्यता जास्त.

हॉस्टेल_ब्लॉक_बी
आणि तो कागद कुणाच्या टेबलावर जाणार? एचओडींच्या? उद्या तेच व्हायव्हा घेणार. सगळे पाचही 'नाही' लिहून मोकळे होतील, मीसुद्धा.

डॉ_वऱ्हाडी
याच्याशी सहमत. कॉलेजबाहेरचा समुपदेशक नसेल तर ती फॉर्मबाजी नकोच. वजनाचं माझं मत मात्र तेच आहे. डॉक्टर व्हायचं तर थोडं निबर व्हावं लागतं.

सुमन_मॅडम
यंदा चिठ्ठीवर फक्त कोड नंबर लिहून पाहते, सरासरीला नावाची गरज नाही हे खरं. कॅलिपर मात्र एकमेकींवरच शिकायचा, त्यात सूट नाही.

रसिका_न्यूट्रिशन
नको म्हणणारीलाही?

सुमन_मॅडम
तिने जर्नलमध्ये काय लिहायचं मग, तेवढं सांग.

रसिका_न्यूट्रिशन
शेजारच्या बेंचचं रीडिंग. अ‍ॅबसेंट असलेल्यांना तुम्ही तेच लिहायला लावता, मॅडम.