कर्व्ह्ड कॅनालला हॅन्ड फाईल वापरणं म्हणजे पेशंटवर अन्याय? अजिबात पटलं नाही

निळी_फाईल: काल एका ग्रुपवर एकाने ठोकून दिलं की ज्याच्याकडे एंडोमोटर (फाईल फिरवणारं यंत्र) नाही त्याने दाढेची आरसीटी (रूट कॅनाल) करूच नये, स्टीलच्या के-फाईलने, म्हणजे हाताने फिरवायच्या बारीक कानशीने, वाकडा कॅनाल (मुळातली नळी) साफ करणं म्हणजे पेशंटवर अन्याय. वाचून डोकं फिरलं म्हणून सविस्तर लिहितेय. स्टील ताठ असतं हे कोण नाकारतंय? २५ नंबरच्या (नंबर म्हणजे जाडी) पुढे गेलात की फाईल सरळ व्हायला बघते, मुळाच्या शेंड्याशी बाहेरची भिंत खाते, मधे आतली, आणि मग लेज (भिंतीत पायरी) नाहीतर झिप (शेंड्याशी कॅनाल फाकणं). वाईन या संशोधकाने हे १९७५ मध्येच रेझिन ब्लॉकवर (ठोकळ्यातल्या नकली कॅनालवर) दाखवलंय. पण ८ आणि १० नंबरची फाईल, टोकाचे दोन-तीन मिलिमीटर वाकवून, रबर स्टॉपरची खूण वाकाच्या दिशेला ठेवून जिथे पोचते तिथे तुमची रोटरी (मोटरवर फिरणारी फाईल) आधी पाठवून दाखवा. वरच्या सहा नंबरच्या दाताचा, म्हणजे पहिल्या मोठ्या दाढेचा, पॅलेटल रूट (टाळूकडचं मूळ) बऱ्याचदा गालाकडे वळलेला असतो, साध्या एक्स-रेत तो सरळसोट दिसतो. तो वाक बोटांना कळतो, मोटरला नाही.

मोटरवाला: मॅडम, तुम्ही ग्लाईड पाथबद्दल, म्हणजे मोठ्या फाईलसाठी आधी करायच्या वाटेबद्दल बोलताय. १० नंबर हातानेच जाते, यावर वादच नाही. प्रश्न शेपिंगचा, कॅनाल रुंद करून आकार देण्याचा आहे. १९८८ मध्ये वालिया आणि मंडळींनी ऑर्थोच्या (दात सरळ करायच्या) वायरपासून १५ नंबरची नायटाय (निकेल-टायटॅनियम) फाईल केली, तीच स्टीलपेक्षा दोन-तीन पट लवचिक निघाली होती. आता तर प्रोटेपर गोल्ड, हायफ्लेक्स सीएम अशा नव्या नायटाय फाईल आहेत, वाकवली तर वाकलेलीच राहते, भिंतीवर जोर देत नाही. ३० अंश वळलेल्या कॅनालमध्ये २५-३० नंबरची स्टील फाईल फिरवून लेज न करणारे हात मला दाखवा. शिवाय हाताने वरखाली घासताना कचरा शेंड्याबाहेर ढकलला जातो, रात्री सूज घेऊन पेशंटचा फोन येतो तो वेगळाच.

जुना_खुर्चीवाला: ३० अंश म्हणजे नक्की काय हो? श्नायडरने १९७१ मध्ये वळणाचा कोन मोजायची रीत दिली ती सगळे पाठ करतात, पण वळणाची त्रिज्या किती ते कोणी बोलत नाही. प्रुएटने १९९७ मध्ये दाखवलं की कोन तोच असला तरी वळण आखूड असेल तर फिरणारी नायटाय फाईल फार लवकर थकून तुटते. कंपनीचा माणूस डेमोला येतो तो छान गोल वळणाचा ब्लॉक घेऊन. खऱ्या दाढेत शेवटच्या तीन मिलिमीटरमध्ये एकदम काटकोनात वळलेला रूट येतो तेव्हा तो माणूस कुठे असतो? आणि हाताने म्हणजे फक्त वरखाली घासणं असं कोणी शिकवलं? रोनची बॅलन्स्ड फोर्स ही हाताने फाईल फिरवायची पद्धत १९८५ ची आहे. बोथट टोकाची फाईल पाव फेरा घड्याळाच्या दिशेने घालायची, मग दाब ठेवून उलट फिरवून कापायचं. मीही याच पद्धतीने वाकड्या मेझियल रूटमध्ये (दाढेच्या पुढच्या मुळात) ३० नंबरपर्यंत जातो. कॉलेजात केसेसचा कोटा पुरा करण्याच्या नादात हे शिकवायला कोणाला वेळ नाही.

तालुका_डेंटिस्ट: सर, कोन आणि त्रिज्या ठीक आहे, आमच्याकडे प्रश्न पैशाचा आहे. पेशंट म्हणतो एवढे पैसे द्यायचे तर दातच काढून टाकतो की. मग तीच रोटरी ऑटोक्लेव्ह करून पुढच्याला, आणि परत पुढच्याला. स्टीलचे पीळ उलगडलेले दिसतात तरी, साधी नायटाय वरून चकचकीत असते आणि आत तुटते.

मोटरवाला: म्हणून फाईल किती वेळा वापरली ते मोजून वापरायची आणि वाकड्या कॅनालनंतर फेकायची. सीएमचेही पीळ उलगडलेले दिसतात, ऑटोक्लेव्हमध्ये पूर्ववत झाले नाहीत तर टाकून द्या. आणि तुटलेल्या फाईलचा तुकडा आत राहिला म्हणजे दात गेला असं नाही, त्याआधी किती साफ झालं होतं आणि शेंड्याशी इन्फेक्शन होतं का यावर सगळं आहे. त्याचा बाऊ नको.

लेकीचा_प्रश्न: मी डॉक्टर नाही. माझ्या आईच्या खालच्या दाढेत असा तुकडा आहे. आरसीटी केली त्या डॉक्टरांनी चकार शब्द काढला नाही. वर्षभर दाढ ठणकत होती, दुसरीकडे एक्स-रे काढला तेव्हा तिथल्या मॅडमनी स्क्रीनवर बोट ठेवून दाखवलं, हा धातूचा आहे. आई म्हणाली, मला सांगितलं असतं तर मी त्यांच्याचकडे गेले असते. तुमच्यासाठी तो बाऊ नसेल.

निळी_फाईल: मोटरवाला, यांना उत्तर द्या. प्रत्येक तुकड्याची नोंद आणि एक्स-रे पेशंटच्या हातात पडला पाहिजे.

मोटरवाला: सांगायला हवंच होतं, मी कुठे नाही म्हटलं? पण सांगितलं की पेशंट फी परत मागतो, नातेवाईक दहा माणसं घेऊन येतात, तेव्हा ग्रुपवरचं कोणी सोबत येत नाही.

जुना_खुर्चीवाला: म्हणून आधी सांगायचं. संमतीपत्रात मराठीत लिहा की वाकड्या कॅनालमध्ये फाईल तुटू शकते. आधी सांगितलं की ती माहिती असते, नंतर सांगितलं की सबब वाटते.

तालुका_डेंटिस्ट: आमच्या इथे इंग्रजी छापील फॉर्मवर अंगठा घेतात, सर.

मोटरवाला: बरं, मराठी फॉर्म मान्य. आखूड वळणात शेवटचे तीन मिलिमीटर हाताने, हेही मान्य, नाइलाजाने. पण वरचा रुंद भाग हाताने करत तास घालवणार असाल तर त्याला कौशल्य म्हणू नका.

निळी_फाईल: वरचा भाग मीही रोटरीनेच उघडते, ते मी नाकारलेलं नाही. मोटर नसलेल्याने आरसीटीच करू नये, या वाक्यावर माझा धागा होता. त्याचं उत्तर अजून कोणी दिलेलं नाही.