मदत हवी आहे: ऊस, एफआरपी आणि जिनिव्हाचा निकाल, प्रबंध कोणत्या विषयात बसवू?

नमस्कार मंडळी,

सांगलीत एका महाविद्यालयात तासिका तत्त्वावर अर्थशास्त्र शिकवते. माहेर वाळवा तालुक्यातलं, वडील साखर कारखान्याचे सभासद. पीएच.डी.ची प्रवेश परीक्षा (पेट) झाली, गाइड मिळाले, पण विद्यापीठाच्या संशोधन समितीत (आरआरसीत) विषय अडकलाय.

ब्राझील, ऑस्ट्रेलिया आणि ग्वाटेमाला यांनी २०१९ मध्ये भारताच्या साखर धोरणाविरुद्ध जिनिव्हातल्या जागतिक व्यापार संघटनेत तक्रार केली. डिसेंबर २०२१ मध्ये संघटनेच्या तंटा पॅनेलचा निकाल भारताच्या विरोधात गेला. २०१४-१५ ते २०१८-१९ या पाचही हंगामांत उसाला दिलेला आधार उत्पादनमूल्याच्या १० टक्क्यांच्या मर्यादेबाहेर गेला, असं पॅनेल म्हणालं. भारताचा मुद्दा होता की एफआरपी (केंद्र सरकार ठरवतं तो उसाचा किमान दर) कारखाना देतो, सरकार नाही, मग ही सरकारी मदत कशी? पॅनेलने तो मानला नाही. निर्यात अनुदान १२० दिवसांत मागे घ्या, असंही सांगितलं. भारताने त्यावर अपील केलं. पण अमेरिकेने नेमणुका अडवल्यामुळे संघटनेचं अपील मंडळ डिसेंबर २०१९ पासून ठप्प आहे. निकाल तसाच लोंबकळतोय.

त्यानंतरही एफआरपी वाढतच गेली. निर्यातीवर जून २०२२ पासून निर्बंध आले, पण ते देशातले भाव आवरायला. मग जिनिव्हातल्या निकालाचा वाळव्याच्या शेतकऱ्याच्या बिलावर काही परिणाम होतो का, आणि तो मोजायचा कसा, हा माझा प्रश्न.

समितीतले तज्ज्ञ म्हणाले, हे राज्यशास्त्र आहे. राज्यशास्त्राच्या सरांकडे गेले, तर ते म्हणाले, यात आकडेमोड फार, अर्थशास्त्रातच करा. ब्रिटिश अभ्यासक सुसान स्ट्रेंज यांनी १९७० मध्येच आंतरराष्ट्रीय अर्थशास्त्र आणि आंतरराष्ट्रीय संबंध हे दोन विषय एकमेकांकडे ढुंकून बघत नाहीत म्हणून टीका केली होती. आमच्याकडे अजून तेच चाललंय, आणि मला याचं खरंच वाईट वाटतं. एफआरपी एकरकमी मिळावी म्हणून जिथे दर हंगामात रस्ता अडवला जातो, तिथल्या विद्यार्थ्याने हा विषय करायचा नाही तर कुणी करायचा?

वडिलांच्या कपाटात कारखान्याचे वार्षिक अहवाल आहेत. ताळेबंदात येणे बाजूला 'साखर निर्यात अनुदान' अशी ओळ सापडली. याचा पुरावा म्हणून उपयोग होईल का? आणि अर्थशास्त्रात राहून शीर्षक कसं मांडू? कुणी अशा विषयावर काम केलं असेल तर कृपया सांगा.

हरिपूरकर:

ताई, विषय सोडू नका, प्रश्न फिरवा. 'निकालाचा परिणाम काय' असं विचारलंत की समिती आकडा मागणार. 'निकाल विरोधात जाऊनही एफआरपी कशी टिकली' असं विचारा. अमेरिकी राज्यशास्त्रज्ञ रॉबर्ट पुटनम यांची १९८८ ची दोन पातळ्यांवरच्या वाटाघाटींची मांडणी इथे चपखल बसते: सरकार एकाच वेळी जिनिव्हात बोलतं आणि घरच्या ऊसवाल्यांशीही.

अहवालातली ती ओळ फार मोलाची आहे. रक्कम कोणत्या वर्षी जमा झाली, कधी थकली, कधी ओळच गेली, हे निकालाच्या तारखांशेजारी लावा. पण जपून. २०२१-२२ मध्ये अनुदान नसतानाही निर्यात जोरात झाली, कारण बाहेर भाव चढे होते. अनुदान निकालामुळे थांबलं की भावामुळे, हे वेगळं काढता आलं तर तो निखळ अर्थशास्त्राचा प्रबंध होईल. पॅनेल अहवालाच्या परिशिष्टात दोन्ही बाजूंच्या युक्तिवादांचा सारांश आहे, तो वाचा. शिवाय ऑस्ट्रेलियाने २०१८ मध्ये व्यापार संघटनेच्या कृषी समितीत भारताच्या ऊस आधाराचे स्वतः काढलेले आकडे मांडले होते. आधार मोजायची पद्धत तिथे दिसेल.

धागाकर्ती:

खूप आभार दादा. अनुदान आणि भाव वेगळे काढायचे तर एका कारखान्यावर भागणार नाही. पलूस, कडेगाव, शिराळा भागात कुणाच्या घरी २०१७ पासूनचे कारखान्याचे अहवाल असतील तर कळवा. मी येऊन तिथेच बसून उतरवून घेईन, घरी नेणार नाही.